आठ दिवस जंगलात राहिलेली सुरी

"बाबा, सांगतो त्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही!" जावईबापूंनी सुरी ऐरणीवर ठेवली.

नाहीच बसायचा, लोहार मनात म्हणाला, लग्नापासून कुठे बसलाय? पण आज ऐकणं भाग होतं. हात थरथरायला लागल्यापासून त्याने नवं पातं घडवलं नव्हतं. शेवटची मोठी सुरी भिंतीवर टांगलेली होती आणि जावयाचा तिच्यावर डोळा होता. अट लोहारानेच घातली होती : ही धाकटी सुरी घेऊन आठ दिवस जंगलात राहा, रोज वापरा, गंज चढू न देता आणा, मग भिंतीवरची तुमची. साधं कार्बन स्टील ते. ओलं राहिलं की तासाभरात तांबूस डाग धरतं.

"आठही दिवस धो धो पाऊस. तंबू वाहून गेला. मी मागोमाग पोहत, सुरी दातांत!"

"म्हणजे तोंड बंद होतं. जंगलाला तेवढाच विसावा."

"ऐका तर! रोज शंभर लिंबं कापली."

"जंगलात?"

"माकडं आणून द्यायची. कापून झालं की पुसायचं, सुकवायचं, तेलाचा हात फिरवायचा. तेल संपलं, तर एक अस्वल आलं. त्याच्या पाठीवर पातं घासलं. काय तुकतुकीत अस्वल!"

"आणि सुरी ठेवत कशात होतात?"

"चामड्याच्या म्यानात की! आठही दिवस."

घ्या! ओलं चामडं पाणी धरून बसतं. त्यात कोंडलेल्या पात्याला अस्वलाचा बापही वाचवणार नाही. लोहाराने सुरी उचलली. शंभर लिंबं कापलेलं पातं काळपट-निळसर पडतं, आणि तो काळपटपणाच पुढचा गंज थोपवतो. हे तर आरशासारखं लखलखत होतं. त्याने मुठीजवळ अंगठा फिरवला. गुळगुळीत.

"जावईबापू, इथला माझ्या नावाचा ठसा कुठे गेला?"

"ठसा? तो... अस्वलाने चाटला असेल."

आतून लेक ओले हात झटकत बाहेर आली.

"खोटं! साफ खोटं! अहो, परवा दुपारभर न्हाणीघरात बसून पॉलिश पेपरने कोण घासत होतं? गंजून लालभडक झाली होती सुरी, पाणी मी ओतत होते!"