तिरपालाखाली पाच जणी

सोनलच्या हातात आता एकच काडी उरली होती. दोन काड्यांत चूल पेटवायची असा नियम होता आणि पहिली काडी वाऱ्यानं विझवली होती.

छत्तीसगडमधल्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतल्या सहा मुली, सगळ्या स्काउट-गाइड पथकातल्या गाइड, बालोदच्या पुढच्या जंगलात दोन दिवसांसाठी आल्या होत्या. तेरा वर्षांची सोनल त्यांची टोळीप्रमुख. सोबत मोठं माणूस म्हणजे फक्त शैला मॅडम. मिनीबसचा ड्रायव्हर हेमराज किलोमीटरभर लांब, सडकेवर थांबला होता.

"चूल नाल्याच्या रेतीतच पेटवाची," असं मॅडमनी सकाळी बजावलं होतं. पण रेतीत वारा फार होता. सोनलनं काठावरच्या जुन्या अर्जुनाच्या झाडाकडे बोट दाखवलं.

"उधर चलो. पेड़ के नीचे हवा नहीं लगेगी."

"मॅडम रागावन ना वो," रश्मी म्हणाली. ती कॉलनीत सोनलच्याच क्वार्टरांच्या लाइनीत राहायची, दोघी आपसांत मराठीच बोलायच्या.

"पेटली म्हनजे नाही रागावत."

आणि चूल पेटली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. जाळ वाढावा म्हणून सोनलनं सगळ्यात लहान मोनालीला पाला आणायला सांगितलं. तिनं ओंजळभर ओला पाला आणून टाकला, आणि पांढरा दाट धूर सरळ वर चढला.

आधी आवाज आला. लांबून मालगाडी यावी तशी घरघर. सोनलला खरोखर वाटलं, गाडीच आहे. मग रश्मीनं किंचाळून मानेवर चापट मारली. सोनलनं तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. जाड फांदीला सुपाएवढं काळं पोळं लटकत होतं, आणि त्याची खालची कड सुटून हवेत पसरत होती.

"मधुमक्खी!"

मुली वाट फुटेल तिकडे पळाल्या. सावलीसाठी तिरपाल बांधत असलेल्या मॅडम ते ओढतच धावत आल्या.

"हात नका हालवू! खाली पडा! आत घुसा!"

पळालेल्या मुली मागे फिरून आडव्या पडल्या आणि मॅडमनी तिरपाल त्यांच्यावर टाकलं. आत अंधार, उकाडा आणि रडणं. वरून गारा पडाव्यात तशा माश्या आपटत होत्या. सोनलच्या कानामागं आग लागली होती, पण तिनं तिरपालाची कड जमिनीशी दाबून धरली.

"गिनती करो," ती म्हणाली.

एक. दो. तीन. चार. पाँच.

सहावा आवाज आलाच नाही.

"मोनाली!" बाहेरून मॅडमची हाक आली, थोडी लांबून. मग पुन्हा हाक, अजून लांबून. मग एक किंकाळी, आणि त्यानंतर नुसती घरघर.

सोनल हलली नाही. तिला ऐकू आलं होतं, सगळ्यांना ऐकू आलं होतं. दुसरं कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून ती वाट पाहत राहिली. किती वेळ गेला, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

"सोनल," रश्मी कुजबुजली, "मॅडम बोलून नाही राहिल्या."

"आयकू येते मले."

"मी जाऊ?"

"नको. तू कडा दाबून ठेव. कोनाले बाहेर येऊ देऊ नको."

कोणीतरी पळताना अंगावर ओढून आणलेलं ब्लँकेट सोनलनं डोक्यावरून ओढलं, डोळ्यांपुरती फट ठेवली आणि ती बाहेर सरकली. पळू नये असं तिला कळत होतं, तरी ती पळाली. हातावर, पायांवर सुया टोचत गेल्या. नाल्याच्या कपारीत मॅडम गुडघ्यांवर वाकून बसल्या होत्या. त्यांच्या ओढणीत गुंडाळलेली मोनाली त्यांच्या पोटाखाली होती. मॅडमच्या केसांत, मानेवर, पाठीवर माश्याच माश्या.

सोनलनं ब्लँकेट तिघींवर ओढलं आणि आत आलेल्या माश्या हातानंच चिरडल्या.

"किती आहा?" मॅडमचा आवाज घशातून शीळ घालत येत होता.

"चौघी तिरपालात. मी आन् मोनाली. सहा."

"मंग हालू नको."

त्यानंतर मॅडम बोलल्या नाहीत. सोनल त्यांचा श्वास ऐकत राहिली. दोन श्वासांमधलं अंतर वाढलं की ती मनात आकडे मोजायची.

चूल आपोआप विझली, धूर विरळ झाला आणि हळूहळू माश्या झाडाकडे परतल्या. मॅडमचे ओठ सुजले होते, डोळे मिटले होते. त्यांना उभं राहता येईना. रश्मी हेमराजला बोलवायला सडकेकडे धावली. बाकीच्यांनी दोन लाठ्यांवर ब्लँकेटची घडी घातली. आदल्याच दिवशी हे स्ट्रेचर त्या हसत-खिदळत शिकल्या होत्या.

चार कोपऱ्यांना चौघी. मोनाली मागं रडत चालली होती. दर चाळीस-पन्नास पावलांवर स्ट्रेचर खाली ठेवायचं, सोनलनं मॅडमच्या नाकापाशी हात धरायचा, आणि म्हणायचं, "चल रही है. उठाओ." एकदा तिच्या हाताला श्वास लागलाच नाही. तरीही ती तेच म्हणाली.

अर्ध्या वाटेत हेमराज धापा टाकत भेटला. त्यानं मॅडमना खांद्यावर घेतलं.

बालोदच्या दवाखान्यात इंजेक्शनं झाली, ऑक्सिजन लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी एक डोळा उघडला. सोनलला न्यायला तिचे वडील मारोतराव आले होते. ते मालगाडीवर गार्ड होते. त्यांना दाराशी थांबवून ती एकटीच आत गेली.

"मॅडम, चूल मी झाडाखाली लावली. तुमी रेतीत सांगतली होती."

"पाह्यलं होतं मी," मॅडम सावकाश म्हणाल्या. "तवाच ओरडाचं होतं मले. वाटलं, पोरी खुश आहेत, राहू दे."

त्यांनी उघडा डोळा सोनलकडे वळवला.

"पन तू वर पाहाले पाहिजे होतं."

"हाव."

"भेव वाटून राहिलं?"

"हाव, मॅडम. अजून."

मॅडमनी पलंगावरचा हात थोडा बाजूला घेतला. सोनल तिथं टेकली आणि नर्सनं उठवेपर्यंत बसून राहिली.

दुर्गकडे जाणाऱ्या लोकलमध्ये वडिलांनी काही विचारलं नाही. गुंडरदेही स्टेशन आलं तेव्हा सोनलच बोलायला लागली. तिनं सगळं सांगितलं. तिरपालाखाली ती किती वेळ नुसती पडून राहिली होती, तेसुद्धा. मारोतरावांनी तिचा सुजलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि शेवटपर्यंत ऐकलं.