जेवण आत, नंदाताई बाहेर

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे आणि आज मला गोड बोलता येणार नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की हळव्या होतात, असा तुमचा अनुभव असेल. माझ्या मनात मात्र राग आहे. तो का आहे, ते ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. नळ्या वाकवून माझा सांगाडा जोडला गेला, त्यावर निळे जाड कापड ताणून बसवले गेले. बसणाऱ्याला स्वतःच्या हातांनी मला चालवता यावे म्हणून मोठ्या चाकांना गोल कडी लावली. शेवटी एक कामगार माझ्यावर बसला, त्याने दोन फेऱ्या मारल्या आणि तो म्हणाला, "छान पळते ही." एवढे कौतुक मला पुढे फार वेळा मिळाले नाही.

माझी पहिली नोकरी हॉलंडमधल्या ब्रेडा शहराजवळच्या एका वृद्धाश्रमात होती. तेथे एक म्हातारे माळी माझ्यावर बसत. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या बागा राखल्या होत्या. मला ढकलणाऱ्या बाईंना लोक विचारत, "त्यांना ऊन लागतंय का? त्यांना आत जायचंय का?" माळीबुवांचे कान शाबूत होते, जीभही शाबूत होती, पण त्यांना कोणी विचारत नसे. मग ते माझे हात घट्ट आवळून धरत. त्यांचा राग माझ्यात झिरपायला तेव्हापासूनच सुरुवात झाली.

दोन हजार वीस सालच्या वसंतात तो आजार आला. आश्रमाचे दार पाहुण्यांसाठी बंद झाले. बागेत ट्युलिप फुलले आणि ते पाहायला नेणारे कोणी उरले नाही. एका सकाळी माळीबुवांची खाट रिकामी दिसली. माझ्यावर झोंबणारे औषध फवारले, मला पुसले आणि कोठीत नेऊन उभे केले. तेथे माझ्यासारख्या रिकाम्या खुर्च्यांची रांग होती आणि त्या रांगेत रोज भर पडत होती. आमच्यावर बसणारी माणसे कोठे गेली, हे आम्हाला कोणी सांगितले नाही.

पुढच्या वर्षी आश्रमाने जुन्या वस्तू काढून टाकल्या. मी आइंडहोवनच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात आले. तेथून मला शैलेंद्रने घेतले.

शैलेंद्र पुण्याचा. चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनियर. त्याची आई, नंदाताई, दोन वर्षांच्या खंडानंतर मुलाकडे येणार होत्या. नंदाताई मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. खो-खोचे कितीतरी संघ त्यांनी घडवले. निवृत्तीनंतर रिक्षातून उतरताना पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. घरात त्या काठी धरून चालत, पण लांबचे अंतर चालवत नसे. टाळेबंदीची दीड-दोन वर्षे त्यांनी पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटीने काढली होती.

शैलेंद्रने मला घरामागच्या सायकलींच्या शेडमध्ये ठेवले. त्या शेडचे छप्पर गळत होते. हॉलंडमधला पाऊस तुम्हाला ठाऊक नसेल. तो जोरात पडत नाही, पण थांबतही नाही. माझ्या नटांना गंज चढला आणि डावा ब्रेक ढिला झाला.

नंदाताई आल्या त्याच दिवशी त्यांनी मला तपासले. चाके फिरवली, पाय ठेवायच्या पट्ट्या हलवून पाहिल्या, ब्रेक ओढले.

"शैलू, हा डावा ब्रेक धरत नाहीये रे."

"बघतो गं आई, शनिवारी."

शनिवार आला आणि गेला. त्याच्या पुढचाही गेला. केसाहून बारीक रेघा आखणारी यंत्रे जुळवणारा हा माणूस! माझा एक नट आवळायला त्याला सवड नव्हती.

ऑक्टोबरमध्ये शैलेंद्रच्या साहेबांनी, मार्टेनने, त्या सगळ्यांना जेवायला बोलावले. मार्टेन ह्यूस्डेन या छोट्या गावात राहत असे. रविवारी गाव पाहायचे आणि तेथल्याच एका रेस्टॉरंटमध्ये दुपारचे जेवण घ्यायचे, असे ठरले. नंदाताई सकाळपासून उत्साहात होत्या. त्यांनी मोरपंखी साडी नेसली, वर स्वेटर घातला आणि पायात खेळाचे बूट चढवले. शैलेंद्रची बायको मीनल त्यांच्या केसांना पिना लावत होती, तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन वर्षं भिंतीकडे बघून जेवले गं मी. आज माणसांकडे बघून जेवायचंय."

हे वाक्य मी दारात उभी राहून ऐकले. मित्रांनो, तुम्हीही ते ध्यानात ठेवा.

गाडीच्या डिकीतून मी ह्यूस्डेनला पोचले. गावाभोवती मातीचे उंच तट होते आणि तटांवर पवनचक्क्या उभ्या होत्या. गल्ल्या विटांच्या आणि गोल दगडांच्या. त्या दगडांवरून जाताना मी अशी खडखडत होते की नंदाताई हसून म्हणाल्या, "शैलू, माझे उरलेले दात इथेच ठेवून जाणार बघ मी!" सगळे हसले. तोवर दिवस चांगला होता.

रेस्टॉरंटच्या दारात एक तरुण मुलगी मोबाइल घेऊन उभी होती. त्या महिन्यात आत बसून जेवायचे तर लस घेतल्याचा क्यूआर कोड दाखवावा लागे. शैलेंद्रचा कोड हिरवा आला, मीनलचा हिरवा आला. नंदाताईंनी पुण्याहून आणलेला कागद पुढे केला. त्यांनी दोन्ही डोस घेतले होते, पण त्या मोबाइलला भारतातला कोड वाचता येत नव्हता. पडदा लाल झाला.

"सॉरी," ती मुलगी इंग्रजीत म्हणाली. "आत नाही सोडता येणार. बाहेरच्या टेबलांना कोड लागत नाही. तुम्ही सगळे बाहेर बसा ना, मी ब्लँकेट देते." मग तिने शैलेंद्रकडे पाहून विचारले, "यांना चालेल ना?"

"यांना ऐकू येतं," नंदाताई इंग्रजीत म्हणाल्या. "यांना विचार."

मुलगी लाल झाली. तिने पुढे येऊन माफी मागितली. तिच्यावर माझा राग नाही. तिच्या हातात जेवढे होते तेवढे तिने केले.

मीनल म्हणाली, "अरे, आपण सगळेच बाहेर बसू या."

"मार्टेन आत येऊन बसलाय. त्याने खिडकीतलं टेबल घेतलंय," शैलेंद्र कुजबुजला. "आणि हवा बघ! साहेबाला थंडीत बसवायचं का? अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. आई, तुला मोकळी हवा आवडतेच ना?"

"कोण म्हणालं?"

पण त्याने ऐकले नाही. त्याने मला एका टेबलाशी नेले, माझे ब्रेक लावले आणि मीनलला म्हणाला, "आईला इथेच ठेवू. आपण खिडकीतच आहोत, लक्ष राहील."

ठेवू! हा शब्द माझा आहे. मला शेडमध्ये ठेवतात, डिकीत ठेवतात, कोठीत ठेवतात. त्या दुपारी तो शब्द माझ्यावर बसलेल्या बाईंना लावला गेला.

मीनल दारात घुटमळली, वळून पाहिले आणि आत गेली. दार बंद होण्याआधी मार्टेनचा प्रश्न ऐकू आला, "तुझी आई कुठे आहे?" आणि शैलेंद्रचे उत्तरही ऐकू आले, "तिला मोकळी हवा फार आवडते. बाहेरच बसते म्हणाली."

नंदाताईंची पाठ ताठ झाली. नदीवरून वारा येत होता. ब्लँकेट सारखे उडत होते. आजूबाजूची टेबले रिकामी होती. थोड्या वेळाने टोमॅटोचे सूप आले. ते शैलेंद्रने आत बसूनच मागवले होते. नंदाताईंनी चमचा घातला तर त्यात मांसाचे छोटे गोळे निघाले. सूप मागवताना ते कशाचे आहे, हे त्याने विचारलेच नव्हते. जन्मात ज्यांनी मांसाहार केला नाही, त्या बाई थंड होत चाललेल्या वाडग्याकडे बघत राहिल्या. खिडकीच्या आत हसण्याचा आवाज आला.

नंदाताईंनी वाडगा दूर सारला. माझे ब्रेक सोडले. दोन्ही हातांनी कडी धरली आणि मला गर्रकन वळवले. खेळाच्या शिक्षिकेचे हात होते ते! मी त्या दगडांवरून धावले. कित्येक वर्षांनी कोणी तरी मला स्वतःच्या हातांनी, स्वतःला हव्या त्या दिशेने नेत होते. खरे सांगते, मला त्या क्षणी आनंद झाला.

पण ती गल्ली पुढे बंदराकडे उतरत होती. उतार लागला तसा माझा वेग वाढला. नंदाताईंनी ब्रेक ओढले. उजवा लागला. डावा नुसताच लोंबकळला. एकाच बाजूने अडल्यामुळे मी तिरकी झाले आणि तिरकीच घसरत राहिले. नंदाताईंनी कडी मुठीत आवळली. कडी त्यांच्या तळहातांतून सरकली, कातडी सोलली गेली, तरी त्यांनी पकड सोडली नाही. समोर पाणी होते. मला थांबायचे होते आणि मला थांबता येत नव्हते. वस्तूच्या जन्मात याहून मोठी शरम नाही.

बंदराच्या कडेला होड्यांचे दोर बांधायचा एक लोखंडी खुंट होता. माझे चाक त्यावर आदळले आणि मी थांबले. नंदाताई पुढे झेपावल्या, पण पडल्या नाहीत. खाली काळे पाणी हलत होते.

मीनलने खिडकीतून रिकामे टेबल पाहिले होते. ती धावत आली. मागून शैलेंद्र, त्याच्या मागे मार्टेन.

"आई! अगं काय हे? जिवावर बेतलं असतं! सांगून तरी जायचंस!" शैलेंद्र ओरडला.

नंदाताईंनी दोन्ही तळहात त्याच्यासमोर धरले. त्यांतून रक्त येत होते.

"ब्रेकचं सांगितलं होतं. आल्या दिवशी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा होता. "आणि शैलू, सामान ठेवतात. माणसाला बसवतात. तू मला ठेवलंस. वर खोटं सांगितलंस, की मलाच तिथे बसायचं होतं."

"आई, साहेबांसमोर नको..."

"साहेबांसमोरच!"

त्या मार्टेनकडे वळल्या आणि त्यांनी शाळेतल्या इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितले, "मला बाहेर बसायचं नव्हतं. मला तुमच्याबरोबर जेवायचं होतं. मला कोणी विचारलं नाही."

मार्टेनचा चेहरा उतरला. तो शैलेंद्रला म्हणाला, "तू मला एकदा सांगायचंस. मी इथेच राहतो. या वाऱ्याची मला सवय आहे. मी बाहेर बसलो असतो की."

शैलेंद्र माझ्या मागे आला. त्याने माझ्या मुठींना हात लावला, तेव्हा नंदाताई म्हणाल्या, "तू नको. मीनल ढकलेल."

त्या रेस्टॉरंटमध्ये परत गेल्या नाहीत. मीनलने त्यांचे तळहात पाण्याने धुतले आणि आपल्या ओढणीने बांधले. मग बंदरावरच्या गाडीवरून तिने गरम बटाट्याचे काप आणले आणि ती बाकावर त्यांच्याशेजारी बसली.

"मी गप्प बसायला नको होतं, आई."

"नकोच होतं," नंदाताई म्हणाल्या. एवढेच म्हणाल्या आणि कापांचा पुडा तिच्यापुढे धरला.

घरी आल्यावर शैलेंद्र पाना घेऊन माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. काम चहा उकळायला लागतो तेवढ्याच वेळाचे होते. नंदाताई काठी टेकून उभ्या होत्या.

"सॉरी, आई," तो मान खाली घालून म्हणाला.

"सॉरी राहू दे. पुढच्या रविवारी परत तिथेच जायचं. तिघांनी. बाहेरच्या टेबलावर."

"आई, थंडी वाढत चाललीये."

"मला माहीत आहे थंडी कशी असते तिथे."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. वारा आधीच्या रविवारपेक्षा बोचरा होता. तीच मुलगी आली. ती नंदाताईंसमोर वाकली आणि तिने विचारले, आज काय आणू? नंदाताईंनी आधी कशात काय असते ते नीट विचारून घेतले आणि मग भाज्यांचे सूप, चीजचा पाव आणि सफरचंदाचा केक मागवला. त्या अगदी सावकाश जेवल्या. येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत, मीनलशी बोलत. शैलेंद्रचे नाक लाल झाले होते आणि त्याने हात काखेत दाबून धरले होते. जेवण संपले तसा तो उठू लागला, तेव्हा नंदाताईंनी कॉफी मागवली. ती संपल्यावर आणखी एक मागवली.

"थंडी वाजतेय का रे?" त्यांनी विचारले.

"हो, आई."

"वाजू दे."

आणि तो बसून राहिला.

मित्रांनो, नंदाताई आता पुण्याला परत गेल्या आहेत. मी आता इथल्या मराठी घरांत ज्याला गरज असेल त्याच्याकडे जाते. गळक्या शेडमध्ये नाही, कोरड्या जागी राहते. तरी माझा राग गेलेला नाही, कारण मला ढकलणारे लोक अजूनही माझ्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून बोलतात. म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. मला तेल घाला, माझे नट वेळच्या वेळी आवळा, पावसात सोडू नका. पण हेही एक वेळ विसरलात तरी मी सोसेन. मी वस्तूच आहे. माझ्यावर बसलेले माणूस मात्र वस्तू नाही. त्याला माझ्यात मोजू नका.