हळदीच्या ड्रमचा तुटका शाफ्ट

मित्रांनो, मी एक जुना शाफ्ट आहे, आता अर्धाच उरलेला. हळद घासून चमकवणारा मोठा ड्रम माझ्यावर फिरायचा. हट्टा गावचे फारुकभाई आणि त्यांचे दोस्त भागवतराव यांनी तो भागीदारीत घेतला होता. उन्हाळा आला की आम्ही गावोगाव जायचो. अंगावर पिवळी धूळ बसायची. "फारुकच्या ड्रमची हळद म्हंजे सोनं!" लोक म्हणायचे. त्या धुळीसाठी मी अजून झुरतो.

बाराव्या हंगामात मी भर कामात तुटलो. ड्रम कलंडला आणि भागवतरावांचा पाय चिरडला. फारुकनं हावरेपणानं ड्रम ठासून भरला, असं गाव म्हणालं. फारुकभाईंनाही तेच खरं वाटलं. त्यांनी धंदा सोडला, दोस्ताच्या घरी जाणं सोडलं. त्यांच्या बायकोनं, मदीनाबींनी, मला तेलकट चिंधीत गुंडाळून ठेवलं.

वर्षभरानं भागवतरावांची मुलगी साधना आली आणि मदीनाबींकडून मला घेऊन गेली. ती इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक. धातू थकून कसा तुटतो, हेच तिचं संशोधन. माझी तुटलेली बाजू तिनं कित्येक महिने भिंगाखाली तपासली. मग मला घेऊन ती फारुकभाईंच्या अंगणात आली. सोबत कुबडी टेकत भागवतराव.

"चाचा, या रेघा बघा. सिद्धेश्वर धरणाचं पाणी उतरताना काठावर उमटतात तशा. शाफ्ट घडवताना इथं धारदार कोपरा राहिला. तिथून भेग वर्षानुवर्षं वाढत गेली. शेवटी एकदम तुटलेला भाग बोटभरच आहे. ओझ्यानं तुटला असता तर सगळाच खडबडीत दिसला असता."

"म्हंजे म्या जास्ती भरलं न्हाई?"

"न्हाई, चाचा."

"मी कवा म्हनलो व्हतो तसं?" भागवतराव म्हणाले. "दोन वर्सं काहून आला न्हाईस रे?"

 फारुकभाई दोस्ताचा हात धरून रडत राहिले.

आता त्यांचा ड्रम पुन्हा फिरतो. नव्या शाफ्टचा कोपरा गोल आहे. हंगामाआधी फारुकभाई त्याला रॉकेल लावतात, पुसतात, वर खडू फासतात. भेग असली तर खडूवर ओली रेघ उमटते. मी मात्र साधनाच्या टेबलावर आहे. विद्यार्थी मला हाताळतात, आणि मला हट्टा आठवतं.

मित्रांनो, लोखंडाची बारीक भेग वेळेवर शोधा. आणि दोस्त यायचा थांबला, तर पुराव्याची वाट पाहू नका. उठा, त्याच्या घरी जा.