उजव्या बाहीचं माप

शनिवारी दुपारी मास्तरांच्या दुकानात मशीन बंद व्हायचं, टीव्ही लागायचा आणि तोंडं सुरू व्हायची. मास्तर चामड्याचं शिवायचे. पिशव्या नाहीत, पट्टे नाहीत. मोटरसायकलच्या शर्यतीत उतरणारे लोक घालतात ते अंगाला चिकटून बसणारे सूट, तेवढेच. त्यामुळे शर्यतींबद्दल आपल्याला जगापेक्षा चार गोष्टी जास्त कळतात असा त्यांचा ठाम समज होता, आणि तो समज ते कोणापासून लपवत नसत.

श्रोते दोनच. एक त्यांचा मेहुणा, बस चालवणारा, अंगाने काडी पण आवाज हॉर्नसारखा. दुसरा कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातला कंपाउंडर. त्याला प्रत्येक स्वाराच्या प्रत्येक फेरीची वेळ सेकंदासकट पाठ होती. स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र बायकोला विचारावी लागायची.

गेले तीन महिने विषय एकच होता: सरकार. खरं नाव काहीही असो, तीन वेळच्या या चॅम्पियनला सगळे सरकारच म्हणायचे. वय अडतीस. वर्षाच्या सुरुवातीला पडला, महिन्याने परत आला, आणि तेव्हापासून नुसती वाताहत.

"पहिल्या दहा फेऱ्या बघा," कंपाउंडर म्हणाला. "तोच सगळ्यांच्या पुढे. अकराव्या फेरीपासून वळणावर बाहेर जायला लागतो. ब्रेक उशिरा, ॲक्सिलेटर उशिरा. परत आल्यापासूनच्या सहाही शर्यतींत अगदी असंच."

"दम संपतो. वय झालं," मेहुणा म्हणाला. "आता पाखराचे दिवस." पाखरू म्हणजे सरकारच्याच टीममधला एकवीस वर्षांचा नवा स्वार.

"दम नाही रे, हात!" मास्तरांनी निकाल दिला. "उजवा हात. ॲक्सिलेटर त्याच हातात, पुढचा ब्रेक त्याच हातात. पडला तेव्हा त्याच हातावर पडला. हात संपला त्याचा. मी छातीठोकपणे सांगतो."

हे ते नुसतं दुकानात सांगून थांबले नव्हते. महिन्यापूर्वी सरकार झिप बदलून घ्यायला स्वतः आला होता. जाता जाता दारात थांबून त्याने विचारलं होतं, "मास्तर, टीमवाले गोड बोलतात, घरचे रडतात. तुम्ही पंधरा वर्षं बघताय. माझ्यात काही उरलंय का?" आणि मास्तरांनी सांगून टाकलं होतं, "हात थकलाय. मानाने थांबा." त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत. पण खरं बोललो याचा अभिमानही थोडा होताच.

परवा सरकारने निवृत्ती जाहीर केली. उद्याची, मोसमातली शेवटची शर्यतही तो धावणार नव्हता.

वाद असा रंगात आला असताना दार उघडलं आणि सरकार आत आला. हातात मास्तरांनी शिवलेला त्याचा निळा सूट. मेहुण्याच्या तोंडातला चहा तोंडातच राहिला.

"बसा, बसा, उठू नका," सरकार म्हणाला आणि सूट टेबलावर ठेवला. "मास्तर, हा तुमच्याकडे राहू दे. दुसरा सूट मी कधी अंगाला लावला नाही, तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांनी मला खेळवलं. तोंडावर खरं बोलणारे तुम्ही एकटे. त्याची आठवण म्हणून."

मास्तरांचे डोळे भरून आले. कंपाउंडरने खुर्ची पुसून दिली, मेहुण्याने चहा ओतला, आणि पाच मिनिटांत तो, जणू सरकार आपल्या आतेभावाचा मित्र असल्यासारखा, लाडात येऊन म्हणाला, "सरकार, एकदा घालून बघू? एकदाच!"

"अरे, काय लहान आहेस का?" मास्तर ओरडले.

"घालू दे हो," सरकार हसला. "पडणार नाही एवढं बघा म्हणजे झालं."

मेहुण्याने सूट चढवला. तो त्याच्या अंगावर इतका ढगळ होता की कंपाउंडर हसून हसून खाली बसला. मेहुण्याने दोन्ही हात आडवे पसरले आणि तोंडाने इंजिनचा आवाज काढला. मास्तरही हसायला लागले होते. तेवढ्यात त्यांची नजर बाह्यांवर गेली आणि हसू तिथेच मेलं.

दोन्ही बाह्या सारख्याच लोंबत होत्या.

तसं व्हायला नको होतं. वर्षानुवर्षं ॲक्सिलेटर आणि ब्रेक ओढून या लोकांचा उजवा हात कोपराखाली डाव्यापेक्षा चांगलाच जाड होतो. शर्यतीत तो आणखी फुगतो. म्हणून मास्तर बाकीचा सूट एका बाजूच्या मापाच्या कागदावरून कापत आणि दुसऱ्या बाजूला तोच कागद उलटा ठेवत, पण उजव्या बाहीचा कागद वेगळा असे. या काडीसारख्या माणसावर उजवी बाही जास्त ढगळ दिसायला हवी होती.

"हलू नकोस," ते म्हणाले. आवाज असा निघाला की मेहुण्याचं इंजिन बंद पडलं. मास्तरांनी कोपराखाली बाहीच्या घेराला टेप लावला. डावी बाही अकरा इंच. उजवी बाही अकरा इंच. पुन्हा लावला. अकरा. सरकारच्या उजव्या हाताचं माप सव्वाबारा होतं. झोपेतून उठवून विचारलं तरी त्यांनी सांगितलं असतं.

आणि मग त्यांना तो दिवस लख्ख आठवला. पडल्यावर दवाखान्यात उजवी बाही कापून फेकली होती. नवी तातडीने हवी होती. याच टेबलावर ते कातडं कापत होते, टीव्ही चालू होता, आणि मेहुणा म्हणत होता की सरकार काही परत येत नाही. त्याला पटवताना, 'येतो की नाही बघ!' म्हणून टेबलावर मूठ आपटताना, त्यांनी डावीकडचा कागद उचलला होता आणि तोच उलटा ठेवून उजवी बाही कापली होती.

  दुकानात दुसऱ्या कोणाला काही कळलेलं नव्हतं. सरकार चहा पीत होता. गप्प बसलं असतं तर सूट भिंतीवर लागला असता आणि आयुष्यभर लोक मास्तरांना खरं बोलणारा माणूस म्हणत राहिले असते. हा विचार त्यांच्या मनात आला, हे मास्तर पुढे कधीही नाकारणार नव्हते.

"सरकार," ते म्हणाले, "तुमच्या हाताला काही झालेलं नाही."

"म्हणजे?"

"बाही चुकली. मी चुकलो. टीव्ही बघत, वाद घालत डाव्या हाताच्या मापाने उजवी कापली. सव्वा इंच कमी. दहा फेऱ्या झाल्या, हात फुगला, की फुगायला जागाच नाही. रक्त अडत असणार. बोटं बधिर होत असतील."

 सरकारने कप खाली ठेवला. "मला वाटायचं नवं कातडं आहे, सैल पडेल," तो हळू म्हणाला. "नंतर वाटलं, मीच... बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत ते कळायचं नाही, मास्तर. डॉक्टरांकडे गेलो, तर तिथे सगळं ठीक. मग म्हटलं, भीती बसली असेल. बायकोला म्हटलं, मी भित्रा झालो."

"उद्याची शर्यत!" कंपाउंडर ताडकन उठला. "मास्तर, आत्ता उसवा, आत्ता शिवा! उद्या सकाळपर्यंत..."

"माझी गाडी पाखराला दिली," सरकार म्हणाला. "आज सकाळी. पुढच्या वर्षीची जागाही. कागदावर सही करून सरळ इकडेच आलो."

कंपाउंडर उभ्याचा उभा राहिला. मेहुणा तर तो सूट अंगावर घेऊन असा उभा होता, जणू चोरी करताना सापडलाय. तो पटपट झिप ओढायला लागला आणि झिप अडकली.

सरकारने शर्टाची उजवी बाही वर सारली. आपला हात समोर धरून तो बराच वेळ बघत राहिला. मग डावा हात त्यावरून मनगटापासून कोपरापर्यंत हळूहळू फिरवत राहिला. विनाकारण मारलेल्या मुलाला कोणी समजवावं तसं.

"मारा मला," मास्तर म्हणाले. ते आता उघड रडत होते. "निदान शिव्या तरी द्या."

सरकारने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया नव्हती, आणि मास्तरांनी ती मागितलीही नसती.

"सूट नवा शिवा," तो म्हणाला. "गाडी कोण देतो, की कोणीच देत नाही, ते मी बघतो." त्याने दोन्ही हात टेबलावर पुढे ठेवले. "टीव्ही बंद करा आणि माप घ्या. दोन्ही हातांचं."