अठ्ठेचाळिसावा कागद

पावणेचारला मोजणी केली आणि कागद भरले सत्तेचाळीस.

"पुन्हा मोजा," मी म्हटलं.

"तीनदा मोजले. तूच मोज, माझ्यावर कुठे विश्वास आहे तुझा," वन्सं म्हणाल्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. घरी नणंद आणि कारखान्यात टेबलापलीकडची जोडीदारीण, अठरा वर्षं. माणसाला एका ठिकाणी तरी सुटका असावी की नाही?

मी मोजले. सत्तेचाळीसच.

आमचं काम सांगते, म्हणजे माझा जीव का टांगणीला लागला होता ते कळेल. विमानाच्या पंखाची पाठ आम्ही थर लावून बनवतो. कार्बनचं काळं, चिकट कापड, असे अठ्ठेचाळीस तुकडे. काही हातभर लांब, काही बोल्टच्या जागी जाडी वाढवायला तळहाताएवढे. मग ते दाबाच्या भट्टीत जातं आणि दगडासारखं टणक होऊन येतं. प्रत्येक तुकड्याच्या मागे निळा कागद असतो. म्हणायचा कागद, असतं पातळ प्लास्टिक. तुकडा लावला की तो सोलायचा, मागच्या दांडीवर चिमट्याला अडकवायचा. जितके थर तितके कागद. एक कमी भरला तर तो आतच राहिला असं धरायचं, कारण कागद आत असला की तिथे थर एकमेकांना धरत नाहीत, आणि मग ते उकलणार कुठे? वर, माणसं बसलेली असताना. म्हणून हिशोब जुळेपर्यंत खोलीचं दार उघडत नाही. जोडीने आत, जोडीने बाहेर.

आणि माझी धाकटी साडेचारला विमानतळाकडे निघणार होती. तीन वर्षांसाठी. सकाळी म्हणाली, "आई, आज तरी सुट्टी घे." मी खेकसले, "चारला येते म्हटलं ना!" ती म्हणाली, "तू नेहमीच येते म्हणतेस." मी दार आपटून निघाले होते. तेवढं आपटलेलं दार मला परत जाऊन उघडायचं होतं, बाकी काही नको होतं.

नियमाप्रमाणे आधी एकमेकींचे कोट बघायचे. वन्संनी मला फिरवलं. "काही नाही." मी त्यांना फिरवलं. काही नाही. टेबलाखाली, बुटांना, चिमट्यांत. काही नाही.

"साहेबांना सांगूया, दार उघडा म्हणून," मी म्हटलं.

"साहेब उघडतील? स्वतःच्या लग्नालाही उघडलं नसतं त्यांनी."

मग त्यांनी कचऱ्याच्या डब्यात हात घातला. कालचा एक निळा तुकडा काढून माझ्या हातात कोंबला.

"लाव चिमट्याला. जा पोरीकडे. पुढचं मी निस्तरते."

खोटं कशाला बोलू, मी लावला. अठ्ठेचाळीस झाले. दार उघडायला सांगायच्या बटणापर्यंत हात नेला आणि तिथेच थांबवला. पोर कशात बसायला चालली होती?

"वन्सं, नाही हो होत," म्हणत मी तो कागद काढून फेकला, आणि आम्ही वरचा थर उचलायला घेतला.

एकेक थर सोलायचा, खाली बघायचं, बाजूला टाकायचा. म्हणजे अख्ख्या दिवसाचं काम भंगारात. माझी पाठ भिंतीकडे, त्यांची साहेब बसतात त्या काचेकडे. साडेचार वाजले. पाच वाजता भिंतीवरच्या स्पीकरमधून साहेब म्हणाले, "तुमच्या मुलीचा फोन होता. निघाले म्हणाली." मला रडता येईना, कारण थरावर पाणी पडलेलं चालत नाही. सवय बघा मेली, भंगारात चाललेल्या थरावरसुद्धा मी टिपूस गाळला नाही.

शेवटच्या थराखालीही काही नव्हतं. साडेसहाला साहेबांनी नोंदवहीत 'रद्द' लिहिलं आणि दार उघडलं.

कपडे बदलायच्या खोलीत मी कोट काढला. खांद्यांच्या मधोमध, तळहाताएवढा, निळा. दांडीला पाठ लागली असणार, चिकटला असणार. दुपारपासून माझ्याच पाठीवर!

मी तो वन्संच्या तोंडासमोर धरला. संतापाने माझं डोकं फिरलं होतं.

"काय गं? काय आहे हातात?" त्यांनी विचारलं.

माझ्या हाताकडे बघत विचारलं.

"वन्सं... कधीपासून?"

त्या बाकावर बसल्या. "वर्ष होईल. थर बोटांना कळतात गं. डोळे तपासायचा तक्ता तर पाठच आहे. पाठीवर हात फिरवायला हवा होता मी. तुला घाई होती, वाटलं, लवकर सुटशील." मग तोंडाला पदर लावावा तसा कोट लावून रडल्या. "माझीही भाची आहे ती. मलाही जायचं होतं."

तपासलं म्हणून उठवायचा, गळ्यातला नंबराचा शिक्का त्यांनी मी न मागता काढला आणि माझ्या मुठीत दिला. वर्षभर तो शिक्का किती पंखांवर उठला होता, आणि त्याच्या शेजारी माझा.

"साहेबांकडे जायला हवं," मी म्हटलं. "आत्ता."

"चल. हात धर मात्र, जिन्यात उजेड कमी आहे."

शिव्या घालायला तोंड उघडलं होतं मी. ते मिटलं आणि हात धरला.