फक्त काजं राहिलीत

भाचीला नोकरी लागल्यात जमा होती, पण मधे मास्तर आडवा आला होता.

सॉफ्टवेअर कंपनीनं तिला शिकाऊ म्हणून घेतलं होतं आणि शिकवायला एक सर नेमले होते. समोर सगळे त्यांना सर म्हणत, पाठीमागे मास्तर. त्यांचा विषय यूज केस. म्हणजे काय, तर सॉफ्टवेअर लिहायला बसण्याआधी त्याच्याकडून कोणाला कोणतं काम करून घ्यायचंय ते चित्रात मांडायचं. एक मोठी चौकट, ती सिस्टिम. चौकटीबाहेर काड्यांची माणसं, ते अॅक्टर. आत लांबट गोल, एकेका गोलात एकेक काम. दिसायला बालवाडीतली चित्रकला, पण मास्तरांनी तिच्यापायी भल्याभल्यांना रडवलं होतं.

"वाचनालय किंवा पैसे काढायचं मशिन आणाल तर फाडून टाकीन," त्यांनी पहिल्याच तासाला दम भरला होता. "खरा धंदा आणा. आणि शेवटच्या दिवशी धंद्याचा मालकही आणा. चित्र खरं की खोटं, ते तोच सांगेल."

यात नापास झालं की कंपनीला रामराम.

धंदा शोधायला भाचीला लांब जायला नको होतं. आई गेल्यावर ज्या मामानं तिला लहानाची मोठी केलं, तो शिंपी होता.

"हात्तिच्या! एवढंच ना?" मामा म्हणाला. "लिही. गिऱ्हाईक येतं, मी माप घेतो, कापड बेततो, शिवतो, ठरल्या दिवशी देतो. संपलं."

तिनं इमानेइतबारे तसंच काढलं. मास्तरांनी कागद हातभर लांब धरून पाहिला.

"अगं, ही परीकथा आहे. ठरल्या दिवशी कपडे देणारा शिंपी पाहिलायस कधी? सगळं सुरळीत झालं नाही तर काय होतं, ते कुठंय? जा, दिवसभर दुकानात बस, डोळे उघडे ठेव आणि परत काढ."

मग भाचीनं दुकानात ठाण मांडलं. बाकावर कपड्यांचा ढीग, म्हणून कोपऱ्यातलं राखाडी कापडाचं एक गाठोडं ओढून त्यावर टेकली आणि बघत राहिली. अहाहा, काय तो मामाचा हातखंडा! गणवेश मागायला आलेल्या बाईंना त्यानं सांगितलं, बटणं लावायला दिलीत. घाईतल्या वकिलाला सांगितलं, आत्ताच इस्त्री फिरवलीय, गरम घडी घातली तर मोडेल, उद्या न्या. ज्याची विजार हरवली होती त्याला तर स्वतःच झापलं, की इतके दिवस होतात कुठे तुम्ही? तो बिचारा माफी मागून गेला.

दुपारी चष्म्याला साखळी लावलेल्या एक बाई आल्या.

"आमच्या यांच्या कोटाचं काय झालं हो? मापाला जुना कोटसुद्धा दिला होता. रविवारी मुलीचं लग्न आहे!"

"वहिनी, कोट तयार आहे. फक्त काजं राहिलीत."

"नक्की ना?"

"म्हणजे काय! शनिवारी घेऊन जा."

बाई निर्धास्त मनानं गेल्या. भाचीनं इकडेतिकडे पाहिलं. "मामा, कुठला कोट?"

मामानं टेपच्या टोकानं तिच्या बुडाखाली दाखवलं. "ऊठ जरा. चुरगळेल."

"अरे, हे तर अजून बेतलंसुद्धा नाहीस!"

"मनात बेतून झालंय."

आता आली का पंचाईत! एका कामात दुसरं काम हमखास येतंच, तेव्हा बाण काढून त्याला इन्क्लूड म्हणायचं, हे मास्तरांनी घोकून घेतलं होतं. दुकानातल्या प्रत्येक कामात हमखास येणारं काम एकच होतं. ते काढलं तर भर वर्गात मामाची अब्रू जाणार, गाळलं तर तिची नोकरी. तिच्या अगदी जिवावर आलं. पण खोटं चित्र घेऊन मास्तरांसमोर उभं राहायची छाती काही होईना. तिनं चौकटीच्या मधोमध गोल काढला, त्यात लिहिलं 'थाप मारणे', आणि सगळीकडून बाण तिथं आणून सोडले.

गुरुवारी मामा कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला. चित्र पडद्यावर आलं आणि वर्ग खुसखुसायला लागला. मामाचे कान लालबुंद.

"उदाहरण?" मास्तरांनी विचारलं.

"एक राखाडी कोट आहे, सर. गिऱ्हाइकाच्या मुलीचं रविवारी लग्न आहे."

मास्तरांच्या हातातला खडू थांबला. "कापड कोणी आणून दिलं?"

"त्यांच्या बायकोनं. चष्म्याला साखळी आहे त्यांच्या."

"आणि ते कापड सध्या कुठे आहे?"

आता कुठे भाचीच्या डोक्यात प्रकाश पडला. पण तोंडातून निघून गेलं, "मी त्यावर बसले होते, सर."

मामा ताडकन उठला. "छे छे! सर, काहीतरी गैरसमज होतोय. कोट तयार आहे. फक्त काजं राहिलीत."

वर्ग फुटला. मागच्या बाकावरची दोघं तर पोट धरून खाली बसली. मास्तर तेवढे हसले नाहीत.

"चित्र खरं आहे," ते म्हणाले. "मालकानं स्वतः दाखला दिला."

भाचीचा जीव भांड्यात पडला. "मग सर, माझा निकाल?"

"तयार आहे. फक्त सही राहिलीय."

"कधी मिळेल?" मामानं विचारलं.

"बघू. या एक-दोन दिवसांत."

"नक्की ना, सर?" असं मामा बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

 घरी जाताना मामा कोपऱ्यावर थांबून म्हणाला, "जीव टांगणीला लागला गं माझा. समोरच्याला असं होतं होय?"

 

तो गेला तो थेट दुकानात. राखाडी कापड टेबलावर पसरलं आणि त्यानं कात्री घातली. मग मशिन थांबलं म्हणून नाही. भाची अस्तर टाचत होती, इस्त्री तापवत होती, दारातल्या गिऱ्हाइकांना "अजून शिवायला घेतलं नाही" असं सरळ सांगत होती आणि बोलणी खात होती.

शनिवारी मास्तर स्वतःच आले आणि काउंटरपाशी उभे राहिले. "कोट?"

मामानं मान वर केली.

"सर... फक्त काजं राहिलीत."

मास्तरांनी भाचीकडे पाहिलं. तिनं कोट उचलून समोर धरला. कॉलर, बाह्या, अस्तर, सगळं जागच्या जागी. पुढच्या पट्टीवर काजांच्या खडूच्या खुणा.

"देवाशपथ, सर," मामा काकुळतीला आला. "या वेळी खरंच."

मास्तरांनी खुणांवरून बोट फिरवलं. मग बाकावरचे कपडे बाजूला सारून ते ऐसपैस बसले, खिशातून निकालाचा कागद काढून मांडीवर ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"करा सावकाश," ते म्हणाले. "मी बसलोय."

मामानं सुई ओवली आणि भाचीच्या कानाशी पुटपुटला, "हा माणूस चुकून मास्तर झाला गं. अस्सल शिंपी आहे."