एका ठोक्याची जागा

गुडघ्यांखाली घोंगडीची घडी घेऊन सुगंधा कागदावर पुढे सरकली आणि निळी पेन्सिल तिनं पुन्हा रेघेवर टेकवली. धुळ्याच्या देवपुरातल्या त्या घराची पुढची खोली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कागदानं भरली होती. खाट ओट्यावर गेली होती. भागाबाई, तिच्या सासूबाई, स्वयंपाकघरातून ओट्यावर जायला मागच्या दारानं घराला वळसा घालत होत्या आणि प्रत्येक वळशाला काहीतरी पुटपुटत होत्या.

लीलाधर खिडकीपाशी स्टुलावर आराखडा मांडीवर घेऊन बसला होता. तो वाचायचा, ती पेन्सिल फिरवायची.

"निळी. वरून खाली. मग डावीकडे, हिरवीला ओलांडून."

"ओलांडली."

"तांबडीला शिवते?"

"नाही शिवत."

"बरोबर." त्यानं खूण केली. मग हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबला. "…सुगंधा, आता खालच्या कोपऱ्याकडून घे."

हे थांबणं एवढंसं असायचं. परक्या माणसाला कळलंही नसतं. पण लग्नाला वर्ष होत आलं तरी प्रत्येक हाकेच्या आधी ते असायचंच, आणि त्यात कोणाचं नाव गिळलं जातं हे सुगंधाला पक्कं ठाऊक होतं. तिला त्याचा राग यायचा. मग राग आला म्हणून स्वतःचीच लाज वाटायची, कारण ते नाव तिच्या सख्ख्या बहिणीचं होतं.

पुष्पाअक्का, लीलाधरची पहिली बायको, काविळीनं गेली. वर्षश्राद्ध उरकल्यावर पारोळ्याची मोठी माणसं आणि देवपूरची मोठी माणसं एकत्र बसली आणि उठताना सुगंधाचं ठरवून उठली. तोवर ती लीलाधरला 'भाऊजी' म्हणायची. लग्नानंतर तो शब्द गेला, दुसरा काही जिभेवर बसला नाही, त्यामुळे त्याला बोलवायचं तर ती बांगड्या वाजवायची नाहीतर 'अहो' म्हणून गप्प व्हायची. गळ्यात मंगळसूत्राच्या खाली अक्काचा चांदीचा टाक होता, बोटाच्या पेराएवढा, त्यावर उभी बाई ठोकलेली. दुसरेपणाच्या बाईनं तो घालायचाच असतो. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग आपल्या अंगाला. सुगंधानं हे एकदाही चुकवलं नव्हतं.

कागदावर होता तो एका चिपचा नकाशा. चिप नखाएवढी, नकाशा खोलीभर. इथल्या सूतगिरणीत परदेशी यंत्रं होती, आणि प्रत्येक यंत्राचा मेंदू म्हणजे अशी एक चिप. धागा तुटला की यंत्राचा एक लोखंडी हात पुढे येऊन तो जोडायचा, आणि केव्हा यायचं हे चिप ठरवायची. तिकडच्या कंपनीनं ती चिप करणंच बंद केलं. जुन्या एकेक जळत गेल्या आणि यंत्रं एकेक बंद पडत गेली. गिरणीचे बिघडलेले भाग दुरुस्त करणारे रूपचंदनाना हिमतीचे. त्यांनी बदली चिप करून देण्याचं काम अंगावर घेतलं आणि ते लीलाधरच्या गळ्यात घातलं. तो बंगळूरला हेच काम शिकून, करून, आईसाठी धुळ्याला परत आला होता. नकाशा त्यानं काढायचा आणि बंगळूरच्या कारखान्यानं त्यावरून चिप घडवायच्या, असं ठरलं.

पहिला नकाशा गेला, नमुन्याच्या चिप आल्या, आणि गिरणीत बसवल्या तर धागे जोडायचे सोडून यंत्रानं जोडलेलेही तोडले. करायला गेले गणपती, झालं माकड. कारण शोधायला पावसाळा गेला. जुनी चिप एका कामात एक ठोका उगाच थांबत असे. लीलाधरला ते आधीच दिसलं होतं. ती मूळच्या कारागिराची चूक आहे, बदली द्यायची तर चांगलीच द्यावी, असं म्हणून त्यानं ती काढून टाकली होती. पण यंत्र ज्यांनी बांधलं त्यांनी त्या थांबण्याचाच हिशेब धरला होता. तेवढ्यात तो लोखंडी हात मागे जाऊन पोचायचा. नवी चिप थांबेना, आणि हात मधेच सापडे.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," नाना तेव्हा घरी येऊन म्हणाले होते. "हिची तर मेल्यावरही जात नाही, वारसाला द्यावी लागते. लीलाधर, आपल्याला चांगली नको होती रे. तीच पाहिजे होती."

सुगंधा तेव्हा चहा घेऊन दारात उभी होती. बशीत चहा सांडला, म्हणून ती आत जाऊन दुसरा कप घेऊन आली.

आता दुसरा नकाशा. ती खालच्या कोपऱ्याकडे वळली. इथं रेघांची गर्दी नव्हती. एक निळी रेघ सुटी दिसली, ती तिनं धरली. समजो न समजो, प्रत्येक रेघेवरून पेन्सिल फिरलीच पाहिजे, असं लीलाधरनं बजावलं होतं. रेघ खाली आली, वळली, वर गेली, तिला एक तिरपी फुटली. शेजारी तशीच दुसरी होती. सुगंधानं मान खाली घालून सगळ्यांवरून पेन्सिल फिरवली.

"ही कुठेच जात नाही," ती म्हणाली. "कशालाच जोडलेली नाही. चुकलीय का?"

 लीलाधरचं बोट आराखड्यावर होतं, पण तो वाचत नव्हता.

सुगंधा उठली. इतका वेळ ती कागदाच्या वरच्या अंगाला बसून उलटं पाहत होती. पाय अवघडले म्हणून ती कडेकडेनं चालत खालच्या बाजूला आली, आणि तिथून तिला ते सरळ दिसलं. पुष्पा. सुगंधाच्याच पेन्सिलीनं गडद झालेलं.

"चिप करणारे कोपऱ्यात काहीतरी लिहितात," लीलाधर खिडकीकडे बघत म्हणाला. "कोणी आद्याक्षरं, कोणी एखादं चित्र. सगळेच लिहितात. ते कोणाला दिसत नाही."

"हो."

"ती गेली तेव्हा हाच कोपरा काढत होतो मी."

"असू द्या की," सुगंधा म्हणाली. आपला आवाज बरा निघाला म्हणून तिला हायसं वाटलं.

पण असू देता येत नव्हतं. तो एक ठोका परत आणायचा तर नकाशात थोडी जागा पाहिजे होती, आणि बाकी नकाशा बाजाराच्या दिवशीच्या एसटीसारखा गच्च भरला होता. लीलाधर रोज कामावरून आला की कागदावर बसायचा. इथली रेघ सरकव, तिथली दाब, पुन्हा पहिल्या जागी आण. जेवण निवून जायचं. सुगंधा बघत होती. कोपऱ्याकडे तो एकदाही बघत नव्हता, त्यावरूनच तिला कळलं की जागा फक्त तिथंच आहे.

मग नाना आले. चपला काढून कागदाच्या कडेला उकिडवे बसले.

"बंगळूरवाल्यांचा फोन आला. या महिन्यात नकाशा पोचला नाही तर आपली पाळी ते दुसऱ्याला देतील. मग गिरणीवाले यंत्रं भंगारात काढतील. त्या खात्यातल्या बाया घरी बसतील, आणि त्यांच्यामागून आपण. अडलं कुठं, ते तरी सांग."

"जागा मिळत नाहीये, नाना."

नानांनी खोलीभर नजर फिरवली. "हा कोपरा मोकळाच दिसतोय की रे."

लीलाधर उठला आणि पुन्हा बसला.

"तिथं जागा नाही, नाना," सुगंधा म्हणाली.

नानांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि वाकून पाहिलं. पुष्पाच्या हातची कळण्याची भाकरी त्यांनी या घरात कितीदा खाल्ली होती.  चहा आला तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, आणि जाताना उंबऱ्यावर फक्त एवढंच म्हणाले, "बघ बाबा."

सुगंधा कप घेऊन आत गेली आणि चुलीपाशी तशीच उभी राहिली. वर्षभर ती देवाजवळ काय मागत होती? एकदा तरी त्या माणसानं न अडखळता मला हाक मारावी. त्या थांबण्यातून अक्कानं बाजूला व्हावं. आणि आज अक्काला हलवायची वेळ आली तर आपणच आडव्या आलो. तिला बहिणीची इतकी आठवण आली की पदर तोंडात धरावा लागला. पारोळ्याच्या बाजारात बोट धरून नेणारी, स्वतःच्या वेणीतला गजरा काढून तिच्या केसांत खोचणारी अक्का. तिच्याशीच आपण वर्षभर भांडत होतो.

भागाबाई मागच्या दारातून आल्या. "कसाले रडी ऱ्हायनी वं?"

"नाही हो, धूर गेला डोळ्यांत."

भागाबाईंनी चुलीकडे पाहिलं. चहा गॅसवर झाला होता, चूल पेटलेलीच नव्हती. त्या तशाच पुढच्या खोलीच्या दाराशी गेल्या आणि या खेपेला घराला वळसा न घालता, टाकाची खूण म्हणून आपल्या गळ्याला बोट लावत कागदाच्या कडेवर उभ्या राहिल्या.

"लीलाधर, ती हिना गयामा शे ना? मंग कागदवर कसाले पायजे?"

लीलाधरनं मान वर केली नाही.  "मनी बी लेकच व्हती ती," त्या म्हणाल्या आणि ओट्यावर जाऊन बसल्या.

बऱ्याच वेळानं त्यानं हाक मारली. आधी तेच थांबणं, मग "सुगंधा." ती आली तेव्हा त्याच्या हातात तांबडी पेन्सिल होती. काढून टाकायचं ते तांबड्यानं खोडायचं, अशी त्या कामाची रीत होती.

"तू खोड," तो म्हणाला. "माझ्याच्यानं व्हायचं नाही."

तिनं पेन्सिल घेतली. गुडघे टेकून ती कोपऱ्यावर वाकली. आणखी वाकली, तेव्हा गळ्यातला टाक लोंबून कागदाला लागला. तो तिनं तिथं जरा राहू दिला. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली, आणि त्यावर दुसरी. लीलाधर भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याचे खांदे हलत होते, आणि तिला त्यांवर हात ठेवावासा वाटला, पण हातात पेन्सिल होती.

चिप आल्या तेव्हा केळीच्या बागांवरून गार वारा सुटला होता. गिरणीत यंत्र सुरू केलं. नानांनी मुद्दाम धागा तोडला. लोखंडी हात मागे गेला, एक ठोका सगळं थांबलं, हात पुढे आला आणि धागा जोडून परत गेला. खात्यातल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी पेढे वाटले आणि वाटता वाटता स्वतःच दोन खाल्ले.

लीलाधर सुगंधाला स्कूटरवर बसवून नानांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात घेऊन गेला. झाकण काढलेली एक चिप त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि तिला बघायला लावलं. कोपऱ्यात पेरलेल्या शेतासारख्या बारीक ओळी होत्या.

"बघ, इथंच थांबते ती," तो म्हणाला. "अगदी जुनीसारखी. फरक कोणाला सांगता येणार नाही."

त्याचा आवाज मोकळा होता. असा आवाज तिनं तो भाऊजी असताना ऐकला होता, अक्काच्या वेळी. त्यानंतर नाही.

घरी आल्यावर ती पाणी भरायला बसली. पुढच्या खोलीत आता कागद नव्हते, खाट परत आली होती. भागाबाई खाटेवर आडव्या झाल्या होत्या आणि लीलाधर त्यांना गिरणीतली गंमत सांगत होता.

"सुगंधा, पाणी आण गं."

तिचा हात तांब्यावर थांबला. हाक सरळ आली होती. मधे काही नव्हतं. आपलीच ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून ती तशीच बसून राहिली.

"सुगंधा! ऐकलंस का?"

पुन्हा तसंच. सरळ, साधी हाक, कुठल्याही नवऱ्यानं कुठल्याही बायकोला मारावी तशी. हेच तिनं वर्षभर मागितलं होतं. आणि आता ते मिळालं तेव्हा तिला कळलं की अक्का या घरात तेवढ्याच जागेत राहत होती.

तिनं टाक मुठीत धरला. एक ठोका तशीच बसली. मग म्हणाली, "आले."